म्हशीला टायर घेताना

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जुने टायर साठतात तसे ते साठतात. ठेवावेत असं कुणी म्हणत नाही आणि टाकायला कुणी उठत नाही. एक दिवस बघावं तर छपराला लागलेले! तात्या धुरींच्या नोकरीतले माझे किस्से असेच छपराला लागलेत. आणि गंमत म्हणजे सगळे टायरचेच आहेत. आता गंमत म्हणतो हो, तेव्हा डोक्याचा नुसता भुगा झाला होता!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी राहायचो ठाकूरद्वारला आणि नोकरीला होतो लालबागला, तात्यांच्या शेडमध्ये. फोन घ्यायचा आणि गिरणीच्या साहेबांशी इंग्रजीत नमून बोलायचं, हे माझं काम. चष्मा होता म्हणून मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणायचे. तात्यांकडे लष्कराच्या लिलावात घेतलेला एक ट्रक होता आणि त्याच्या मागे जोडायचा एक लांबलचक ट्रेलर. बंदरातून गिरण्यांची अवजड यंत्रं ओढून आणायची, हा धंदा. ट्रक काळाकुट्ट, रुंद आणि मनाला येईल तिथे बसकण मारणारा. म्हणून त्याचं नाव म्हस.

तात्या मालवणकडचे. मनाने राजा माणूस, पण एक खोड होती. कुठल्याही वस्तूला म्हणून चांगलं म्हणायचं नाही. मालवणीत 'बरो' हा शब्द आहे, पण तो तात्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, केलेलं बांगड्याचं तिखलं बोटं चाटूनपुसून खायचे आणि वर म्हणायचे, "बघूया."

अशा माणसाबरोबर टायर घ्यायचे होते. आता पुढचं ऐका.

*

सुरुवात सोनावणेने केली. सोनावणे म्हणजे आमचा ड्रायव्हर, डिलाईल रोडच्या चाळीतला. तोंडाने फटकळ, पण स्टिअरिंगवर बसला की एकदम शांत.

एक दिवस तो गिरणीचं एक यंत्र घेऊन करी रोडच्या पुलावरून उतरत होता. उतारावर ब्रेक मारला. ट्रक थांबायला तयार, पण मागचा ट्रेलर कुठला ऐकतो! त्याने ट्रकला ढुशी देत देत खाली नेलं. मागचे टायर पार गुळगुळीत झालेले, ते रस्त्यावरून नुसते घसरत गेले. पुलाच्या पायथ्याशी बस उभी होती. तिच्या अगदी पाठीला नाक लावून म्हस थांबली.

सोनावणे तडक ऑफिसात आला.

"तात्या, नवीन टायर आल्याशिवाय मी जड लोड पुलावरून उतरवणार नाही. सांगून ठेवतो!"

तात्या दुखावले. "अरे, जुन्या टायरांनी तुजा काय केल्यानी?"

"काहीच नाही केलं तात्या. ब्रेक मारला तरी काही केलं नाही!"

आता यात मेख अशी होती की आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा, लोअर परळच्या गिरणीचा, बॉयलर बोटीने यायचा होता. तसलं धूड आम्ही आजवर ओढलं नव्हतं. गिरणीच्या मॅनेजरने फोनवर मला स्वच्छ सांगितलं होतं, "ठरल्या दिवशी बॉयलर दारात नसेल, तर पुढचं सगळं काम दुसऱ्या कंत्राटदाराला." आणि त्या एका गिरणीच्या कामावर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटत होत्या. बॉयलर न्यायचा तर पूल उतरायला हवा, आणि पूल उतरायचा तर टायर हवेत. इतकं सरळ होतं.

तात्या म्हणाले, "घाई कित्याक? बोट खय इली अजून?"

*

तात्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर टायर कुठले घ्यावेत हे अख्ख्या लालबागला विचारलं! त्या दिवसांत गिरणगावात प्रत्येक माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. मुंबई कशी मिळवायची, आणि तात्यांनी टायर कुठले घ्यायचे.

आमच्या नाक्यावरच्या इराण्याकडे रीतसर बैठक बसली. ट्रेलरचं नाक ट्रकच्या मागच्या बाजूवर टेकतं, सगळा भार तिथे येतो, म्हणून मागचे टायर बदला, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणे, वळवतो पुढचा टायर, तो फुटला तर गाडी इराण्याच्या हॉटेलात शिरेल, तेव्हा आधी पुढचे बदला. इराण्यालाही ते पटलं. कुणी म्हणालं, बदलूच नका, जुन्यावरच नवीन रबर चढवून घ्या. ज्याने हे सांगितलं त्याची स्वतःची सायकलसुद्धा नव्हती!

शेवटी तात्या म्हणाले, मत घेऊया. लोकशाही! पुढच्या टायरांना जितके हात वर झाले तितकेच मागच्यांना. तात्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात एक गिरणी कामगार पाळी सुटून धापा टाकत आला. वर झालेले हात त्याने बघितले, विषय काय ते विचारलंच नाही, आणि मूठ आवळून ओरडला, "बेळगाव आपलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बैठक तिथेच बरखास्त झाली.

*

मग मी आणि सोनावणेने तात्यांना धरून गिरगावातल्या एका टायरवाल्याकडे नेलं. दुकानदार गुजराती, भला माणूस. मोठ्या उत्साहाने त्याने एकेक टायर घरंगळत आणला. कुठल्यात कापडाचे थर किती, कुठल्याची बाजू ताठ, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताठ बाजूचाच का लागतो, नाहीतर वळणावर गाडी कशी डुलते, सगळं समजावून सांगितलं. मला पटलं. सोनावणेला पटलं. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पानवाल्यालाही पटलं.

तात्यांनी धोतर आवरलं, उकिडवे बसले आणि टायरवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावला. मग दुसऱ्यावर टकटक. मग वास घेतला. मला आधी कळेचना हे काय चाललंय. मग एकदम उलगडा झाला. तात्यांच्या गावच्या घरामागे फणसाची झाडं होती. आयुष्यात ते एकच वस्तू पारखायला शिकले होते, आणि आता ती विद्या ते टायरला लावत होते!

सगळे टायर वाजवून झाल्यावर तात्या उठले, हात झटकले आणि निकाल दिला, "कच्चे आसत."

दुकानदार हात जोडून म्हणाला, "अरे धुरीशेठ, ये रबर है! रखने से पकता नहीं!"

"बघूया," तात्या म्हणाले, आणि आम्ही रिकाम्या हाताने ट्रामने परत आलो. असे आम्ही त्या दुकानात कितीदा गेलो ते विचारू नका. पुढे पुढे तर आम्हाला बघितलं की दुकानदार आत जाऊन जेवायला बसायचा.

*

एकदा मी दोन दिवस गैरहजर होतो, मावशीकडे अँटॉप हिलला. तेवढ्यात तात्यांनी डाव साधला. लष्करी भंगाराच्या बाजारातून एक टायर उचलून आणला! एकच! त्याच्यावरची रबराची नक्षी बोटभर खोल, वजन असं की चौघांना उचलेना.

"ह्यो लढाईत गेलेलो," तात्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

ट्रकला मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडीने असतात. हा पठ्ठ्या डावीकडच्या जोडीत बसवला. पण लढाईवरून आलेला टायर त्याच्या जोडीदारापेक्षा उंच निघाला. त्यामुळे सगळा भार एकटा तोच उचलायला लागला, आणि जुना शेजारी रस्त्याला न टेकता हवेतल्या हवेत गरगर फिरत राहिला.

सोनावणे वाकून बघत म्हणाला, "तात्या, दोघांत एकच काम करतोय. दुसरा कमिटीवर आहे."

चार दिवस त्या एकट्याने ओढलं. पाचव्या दिवशी भर सकाळी, लालबागच्या बाजारात, तो फुटला.

आवाज कसला, धडाकाच! आणि हसू नका, त्या दिवसांत तसल्या आवाजाचा अर्थ आम्हाला एकच माहीत होता. गोळीबारात आमच्याच आजूबाजूच्या चाळींतली पोरं गेली होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुकानांच्या फळ्या पडल्या. कोळिणी टोपल्या टाकून बोळात शिरल्या. मी एका हातगाडीखाली बसून राहिलो, ते मी कधी लपवलेलं नाही. लालबाग क्षणात बंद! समितीने हाक देऊनही कधी इतक्या लवकर झालं नव्हतं.

एक स्वयंसेवक भिंतीच्या कडेकडेने पळत आला. तोंड पांढरं पडलेलं. ट्रकजवळ उभ्या असलेल्या सोनावणेचा दंड धरून त्याने विचारलं, "किती गेले?"

सोनावणे म्हणाला, "एक. मागचा, डावीकडचा."

*

आमचा ट्रेलर चळवळीत होता, हे सांगायचं राहिलंच. लांब, सपाट, कंबरभर उंच. परळला कुठे सभा असली की समितीचे लोक तो मागायचे आणि तात्या आनंदाने द्यायचे. त्याच्यावर सतरंजी अंथरली, माईक उभा केला, की व्यासपीठ तयार. हे सगळं काकींच्या देखरेखीखाली. समितीचं बायकांचं पथक त्यांच्या हाताखाली होतं. अंगापिंडाने बारीक, पण आवाज असा की समोरच्या चाळीतली भांडणं थांबायची.

तर ट्रेलरचेही टायर तसलेच. एकाची हवा सारखी जायची. एका संध्याकाळच्या सभेत एक शाहीर उभे राहिले. रांगडा गडी. डफावर थाप पडली, बुवा रंगात आले आणि त्यांनी ट्रेलरच्या टोकाला जाऊन एक उडी मारली. ट्रेलर त्या बाजूला कलला. शाहिरांना वाटलं, सभा हलवून सोडली आपण! त्यांनी आणखी जोरात उडी मारली. इकडे अध्यक्षांची खुर्ची सरकत सरकत कडेला आली. पाण्याचा तांब्या घरंगळून पहिल्या रांगेत पोचला. अध्यक्षांनी एका हाताने माईकचा दांडा धरला आणि त्याच माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "वक्त्यांना विनंती आहे, तात्यांचे टायर येईपर्यंत आवेश आवरावा!"

दुसऱ्या दिवसापासून तात्यांना रस्त्याने चालणं मुश्कील झालं. दूधवाला विचारायचा, भाजीवाली विचारायची, पोलीससुद्धा विचारायचा. "तात्या, टायर घेतले का?"

तात्या सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. काय ते तुम्हाला ठाऊकच आहे.

*

आणि मग बोट आली!

मॅनेजरचा फोन मीच घेतला. त्याने दिवस सांगितला आणि वर म्हणाला, "उशीर झाला तर तुमच्या मालकांना सांगा, ट्रक विकून टाका." मी फोन ठेवला तेव्हा मला रडू कोसळायचं बाकी होतं. वर्षभर चपला झिजवल्या आणि म्हशीखाली अजून तेच टक्कल पडलेले टायर! मी सरळ तात्यांच्या घरी गेलो आणि काकींसमोर बसून सगळं सांगितलं.

काकींनी चुलीवरचं भांडं उतरवलं, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "चल."

टायरवाला आम्हाला बघून सवयीने आत निघाला होता. काकींनी त्याला उंबऱ्यातच गाठलं. "शेटजी, तुमच्या सोताच्या लॉरीक खयचे लावलात?"

त्याने बोट दाखवलं.

"तेच दिया." संपलं! ट्रकला आणि ट्रेलरलाही, सगळे तेच. एवढ्या वेळात माझा चहासुद्धा संपला नव्हता.

टायर शेडमध्ये आले. तात्यांनी प्रत्येकावर टकटक केलं आणि काकींकडे न बघता म्हणाले, "बघूया." मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! नवीन टायरपुढे नारळ नको का फुटायला? आणि तात्यांच्या शेडचा रिवाज असा, की नारळ फोडायचा तो ड्रायव्हरनेच. जो चालवतो त्याचा हात.

सोनावणे म्हणाला, "तात्या, मी नागपूरला दीक्षा घेऊन आलोय. आता हे मी करत नाही. तुमचा नारळ तुम्ही फोडा, मी टायरची हवा बघतो."

तात्यांना ते मान्य होतं. त्यांनी सोनावणेला कधी आग्रह केला नाही, तसला माणूसच नव्हता तो. पण रिवाज मोडायचा कसा? तीन दिवस दोघेही समजूतदारपणे एकमेकांसमोर बसून राहिले. कुणी भांडेल तर शप्पथ! भांडले असते तर काम झालं असतं. तिकडे बॉयलर बंदरात पडून, इकडे म्हस नवीन टायरांवर उभी, आणि मध्ये एक नारळ!

शेवटी तात्यांनी तोड काढली. आपण सीटवर बसलो म्हणजे आपणच ड्रायव्हर. नारळ पुढच्या टायरसमोर ठेवून आशीर्वाद घ्यायला ते वर चढले, स्टिअरिंगला हात जोडले, आणि खाली उतरताना त्यांचं धोतर ब्रेकच्या दांड्यात अडकलं. दांडा सुटला. म्हस हातभर पुढे गेली. कट्!

खोबरं सगळीकडे उडालं. सोनावणे खाली वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "तात्या, टायरला पकड आहे."

"बघूया," तात्या म्हणाले.

*

त्या तीन दिवसांनी घात केला. बॉयलर बंदरातून शेडपर्यंत आणेस्तोवर संध्याकाळ झाली. आता फक्त पूल ओलांडायचा होता, पण हाती उरला होता शेवटचा एकच दिवस. आणि त्याच दिवशी समितीचा हरताळ!

हरताळाची सभा झाली तेव्हा तात्या पहिल्या रांगेत होते. "मुंबईत एक चाक फिरता कामा नये," या ठरावाला त्यांनी दोन्ही हात वर केले होते. आता तेच तात्या रात्रभर शेडमध्ये बॉयलरभोवती फेऱ्या घालत होते. उजाडायच्या आधी मी पोचलो तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले.

सोनावणे म्हणाला, "तात्या, हरताळ आहे."

"ह्या काम कालचा आसा," तात्या त्याची नजर चुकवत म्हणाले. "कालचा काम आज पुरा केल्यार हरताळ मोडत नाय."

त्यांना स्वतःलाही ते पटलं नव्हतं. सोनावणेने वाकून नव्या टायरांवर एक नजर टाकली. मग म्हणाला, "टायर आणा, पूल उतरवतो, असं मीच बोललो होतो." आणि चढून बसला. मी आणि तात्या त्याच्या शेजारी.

रस्ते ओस पडलेले. म्हस पुलावर चढली. आणि काय सांगू, काय चालली! मागे एवढं धूड, पण ना हिसका ना डुलकी. पुलाच्या माथ्यावर आलो. समोर उतार, आणि उताराच्या खाली गिरणीचं धुराडं दिसत होतं. मी तात्यांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता म्हणणार 'बरो'!

सोनावणेने ब्रेक मारला. म्हस जागच्या जागी उभी राहिली. ट्रेलरने ढुशीसुद्धा दिली नाही.

उतारावर बायका बसल्या होत्या. पुलाच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, रस्ताभर. मधोमध, पदर खोचून, काकी.

तात्या खाली उतरले. बायका बाजूला होतील, असं मला अजून वाटत होतं. काकी उठल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी मागे वळून एकीला सांगितलं, "हवा सोड."

"अगो, आपली गाडी ती!" तात्या म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आपली आसा म्हणानच पयली," काकी म्हणाल्या.

मी घड्याळाकडे बघितलं, धुराड्याकडे बघितलं. वर बॉयलर असताना हवा गेली तर नवीन टायर चेपणार, गिरणीचं काम जाणार, आणि उद्यापासून आम्ही सगळे घरी. तात्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते काकींकडे बघत राहिले. काकींनीही नजर काढली नाही, पण त्यांचे डोळे भरलेले मला दिसले.

मग तात्यांनी टोपी काढून खिशात घातली.

"सोनावणे," ते म्हणाले, "उतार आसा. पयली चाकांक लाकडां लाव."

सोनावणेने लाकडं लावली. तात्या मागच्या चाकापाशी गेले, धोतर आवरलं आणि उकिडवे बसले. सवयीने टायरवर एकदा टकटक केलं. मग आपल्या हाताने व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि आतली पिन दाबली.

फुस्स करून अशी हवा सुटली की रस्त्यावरची धूळ थेट कठड्यापर्यंत उडाली. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता.

"भाऊसाहेब, हवा कशी जोरात येता बघलंस? टायर बरे गावले!"